स्टॅटिक राउट: जायचा रस्ता लिहिला, परतीचा कोण लिहिणार?

ज्यांनी हा भाग लोकलमध्ये नाहीतर बाइक चालवताना ऐकला, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. आयपी पत्ते नुसते कानावर पडले की लक्षात राहत नाहीत, ते डोळ्यांसमोर लागतात. कमांड मी बोलते तशाच देवनागरीत दिल्या आहेत. स्विचवर टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे.

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजवरून सुचला. तो एका हॉस्पिटलमध्ये आयटी सपोर्टला आहे, नोकरीला अजून वर्षही झालेलं नाही. त्याचा प्रश्न असा होता: "ताई, स्विचवर स्टॅटिक राउट टाकलाय. स्विचवरून लॅबच्या मशिनला पिंग होतं, पण ओपीडीतल्या पीसीवरून होत नाही. स्विच खराब आहे का?"

स्विच खराब नाही. या एका प्रश्नात स्टॅटिक राउटिंगचा निम्मा अभ्यासक्रम बसलाय. म्हणून आज घाई न करता सगळं उलगडून बघू.

आधी तुमच्याच फोनमध्ये बघा

फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जा आणि जोडलेल्या नेटवर्कचा तपशील उघडा. अँड्रॉइडवर 'गेटवे' आणि आयफोनवर 'राउटर' असं लिहिलेलं दिसेल. समोर १९२.१६८.१.१ सारखा पत्ता असतो. घरी जिओफायबर असेल तर बहुतेक १९२.१६८.२९.१ दिसेल.

हा गेटवे म्हणजे फोनचा डीफॉल्ट राउट. फोनला यूट्यूबचा सर्व्हर कुठे आहे हे माहीत नसतं. त्याला एवढंच ठाऊक असतं की आपल्या घरच्या नेटवर्कमधला पत्ता असेल तर थेट द्यायचं, नसेल तर गेटवेकडे सोपवायचं.

पुण्याहून महाबळेश्वरला निघालात आणि थेट गाडी नाही. स्वारगेटला चौकशीच्या खिडकीवर सांगतात, "वाईची गाडी धरा, पुढचं तिथे विचारा." राउट असाच असतो. पूर्ण प्रवास त्यात नसतो, फक्त पुढचा थांबा असतो. नेटवर्कच्या भाषेत त्याला नेक्स्ट हॉप म्हणतात. आणि स्वारगेटच्या खिडकीने तुम्हाला वाईला पाठवलं, म्हणून वाईच्या खिडकीला तुमचं परतीचं गाव आपोआप कळत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्विच कधी राउटरचं काम करतो?

साधा स्विच आयपी पत्ता बघतच नाही. तो मॅक पत्ता बघतो आणि फ्रेम योग्य पोर्टवर टाकतो. हा लेयर २ स्विच. लेयर ३ स्विच मात्र एका नेटवर्कमधून दुसऱ्या नेटवर्कमध्ये पॅकेट नेऊ शकतो, म्हणजे राउटरचं काम करतो.

पण करू शकतो म्हणजे करतोच असं नाही. सिस्कोच्या बऱ्याच कॅटॅलिस्ट स्विचवर राउटिंग सुरुवातीला बंद असतं. ते सुरू करायची कमांड: आयपी राउटिंग. हे दोन शब्द टाकले नाहीत तर बाकीचे राउट कितीही बरोबर असले तरी पॅकेट हलत नाही. मॉडेलही बघा. कॅटॅलिस्ट २९६० सारख्या स्विचवर लॅन बेस सॉफ्टवेअरमध्ये स्टॅटिक राउटिंग मिळतं, पण १६ राउटपर्यंतच. शिवाय त्यासाठी आधी टेम्प्लेट बदलून स्विच रीस्टार्ट करावा लागतो.

हॉस्पिटलचा नकाशा

श्रोत्याची जागा ओळखू येऊ नये म्हणून पत्ते मी माझ्या मनाने घेतलेत. कागदावर दोन चौकोन काढा.

पहिला चौकोन जुनी इमारत, तिथे ओपीडी आणि वॉर्ड. नेटवर्क १९२.१६८.१०.०, मास्क २५५.२५५.२५५.०, म्हणजे स्लॅश २४. इथला लेयर ३ स्विच 'अ'. ओपीडीच्या सगळ्या पीसींचा गेटवे १९२.१६८.१०.१, हा स्विच अ चाच पत्ता.

दुसरा चौकोन रस्त्यापलीकडची नवीन लॅब. नेटवर्क १९२.१६८.२०.०, तेही स्लॅश २४. इथला स्विच 'ब', गेटवे १९२.१६८.२०.१. रक्ततपासणीचं मशिन १९२.१६८.२०.१५ वर.

दोन्ही स्विचच्या मध्ये फायबर. त्या जोडणीचं एक छोटं नेटवर्क आहे: १०.०.०.०, स्लॅश ३०. स्लॅश ३० मध्ये वापरता येतील असे दोनच पत्ते असतात, दोन टोकांना तेवढेच लागतात. अ ला १०.०.०.१ आणि ब ला १०.०.०.२.

काम साधं आहे. लॅबमध्ये रिपोर्ट तयार झाला की तो ओपीडीत डॉक्टरांना स्क्रीनवर दिसला पाहिजे. दिसला नाही तर वॉर्डबॉय कागद घेऊन रस्ता ओलांडतो आणि पेशंट बाकावर वाट बघत बसतो.

एका ओळीत तीन गोष्टी

स्विच अ ला त्याच्या अंगाला चिकटलेली नेटवर्क आपोआप माहीत असतात: १९२.१६८.१०.० आणि १०.०.०.०. लॅबचं नेटवर्क त्याला माहीत नाही. ते आपण सांगायचं:

आयपी राउट १९२.१६८.२०.० २५५.२५५.२५५.० १०.०.०.२

यात तीन गोष्टी आहेत. कुठे जायचंय, ते नेटवर्क केवढं मोठं आहे, आणि पॅकेट कोणाच्या हातात द्यायचं. तिसरा पत्ता नेहमी शेजाऱ्याचा असतो, म्हणजे ज्याच्याशी आपली थेट जोडणी आहे त्याचा. तिथे १९२.१६८.२०.१ लिहायचा मोह होतो, कारण 'लॅबचा गेटवे तोच आहे ना!' पण तो पत्ता नदीच्या पलीकडचा आहे. आपल्याला नावाड्याचा पत्ता हवाय.

मग शो आयपी राउट चालवा. ज्या ओळीपुढे सी हे अक्षर आहे ते थेट जोडलेलं नेटवर्क. एस म्हणजे स्टॅटिक, आपण हाताने लिहिलेलं. लॅबच्या नेटवर्कपुढे एस दिसला की राउट लागला. दिसला नाही, तर नेक्स्ट हॉपपर्यंतची जोडणीच बंद आहे का ते बघा, कारण जिथे पोचता येत नाही अशा नेक्स्ट हॉपचा राउट स्विच टेबलमध्ये घेत नाही.

स्विचवरून पिंग होतं, पीसीवरून का नाही?

आता आपल्या श्रोत्याचा प्रश्न. त्याने स्विच अ वर वरची ओळ लिहिली. स्विच अ वरूनच १९२.१६८.२०.१५ ला पिंग केलं आणि उत्तर आलं. मग ओपीडीतल्या १९२.१६८.१०.५० या पीसीवरून केलं, तर 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'.

फरक आहे पाठवणाऱ्याच्या पत्त्यात. स्विच अ स्वतः पिंग करतो तेव्हा पॅकेट ज्या बाजूने बाहेर पडतं तिथला पत्ता 'प्रेषक' म्हणून लावतो, म्हणजे १०.०.०.१. पॅकेट लॅबच्या मशिनला पोचतं. मशिन उत्तर स्विच ब कडे देतं. ब बघतो की उत्तर १०.०.०.१ ला द्यायचंय, आणि हे नेटवर्क तर त्याच्या अंगालाच आहे. उत्तर पोचतं.

ओपीडीच्या पीसीचं पॅकेट पण लॅबपर्यंत व्यवस्थित पोचतं. स्विच अ ने त्याचं काम चोख केलेलं असतं. मशिन उत्तरही देतं. पण आता उत्तर १९२.१६८.१०.५० ला जायचंय आणि स्विच ब ने हे नेटवर्क आयुष्यात ऐकलेलं नाही. तो उत्तर टाकून देतो.

म्हणजे प्रश्न पोचतोय, उत्तर परत येत नाहीये. औषध एका ओळीचं, पण स्विच ब वर:

आयपी राउट १९२.१६८.१०.० २५५.२५५.२५५.० १०.०.०.१

राउट हा एकतर्फी असतो. प्रत्येक संभाषणाला जाणं आणि येणं असे दोन रस्ते लागतात, आणि ते दोन वेगवेगळ्या डब्यांवर लिहावे लागतात.

ट्रेसराउट इथे चांगलाच फसवतो. ओपीडीच्या पीसीवरून चालवलात तर पहिली ओळ १९२.१६८.१०.१ दिसते आणि पुढे नुसत्या चांदण्या. बघणाऱ्याला वाटतं, पॅकेट स्विच अ लाच अडकलं. खरं तर ते पुढे गेलेलं असतं. स्विच ब ला 'मी इथे आहे' हे उत्तरसुद्धा परत पाठवता येत नाही, म्हणून चांदण्या. शेवटची दिसलेली ओळ म्हणजे बिघाडाची जागा, असं धरून चालू नका.

त्यामुळे स्विचवरून तपासताना प्रेषकाचा पत्ता बदलून पिंग करा: पिंग १९२.१६८.२०.१५ सोर्स व्हीलॅन १०. आता स्विच ओपीडीच्या बाजूचा पत्ता लावून विचारतो, आणि परतीचा रस्ता नसेल तर लगेच कळतं.

दोन्ही बाजू लिहूनही पिंग होत नसेल तर आणखी दोन जागा तपासा. एक, विंडोजचा फायरवॉल. तो बाहेरचं पिंग बऱ्याचदा अडवतो. म्हणून आधी पलीकडच्या स्विचच्या १९२.१६८.२०.१ ला पिंग करा, मग पीसीला. दोन, लॅबच्या मशिनवर हाताने आयपी दिलेला असतो आणि गेटवेचा रकाना रिकामा ठेवलेला असतो. लॅबमधल्या लॅबमध्ये ते वर्षानुवर्षं चालतं, कोणाला कळत नाही. रस्त्यापलीकडून पहिला प्रश्न आला की ते गप्प बसतं, कारण उत्तर कोणाकडे द्यायचं हेच त्याला माहीत नसतं. स्विच बिचारा उगाच बदनाम होतो.

तिसरी जागा: इंटरनेटचा राउटर

इंटरनेट फक्त जुन्या इमारतीत आहे असं धरू. राउटर १०.०.०.५ वर, आणि स्विच अ त्याला १०.०.०.६ ने जोडलेला. स्विच अ वर डीफॉल्ट राउट:

आयपी राउट ०.०.०.० ०.०.०.० १०.०.०.५

चार शून्यं दोनदा, म्हणजे 'ज्याचा पत्ता मला माहीत नाही ते सगळं'. स्विच ब ला तर बाहेर जायचा एकच दरवाजा आहे, त्यामुळे तिथे डीफॉल्ट राउट १०.०.०.१ कडे लावला तरी चालतो. ओपीडीही त्यातच आली, वेगळी ओळ लिहायची गरज उरत नाही.

पण लॅबमध्ये इंटरनेट येईल का? अजून नाही. इंटरनेटच्या राउटरला लॅबचं नेटवर्क कुठे माहीत आहे? त्याच्यावरही १९२.१६८.२०.० साठी १०.०.०.६ कडे राउट हवा, आणि ओपीडीसाठीही. शिवाय आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणाऱ्या नॅटच्या यादीतही ही दोन्ही नेटवर्क हवीत. नवीन नेटवर्क जोडलं की मी कागदावर बोट ठेवून दोनदा चालते. एकदा जाताना, एकदा येताना, प्रत्येक डब्यावर थांबून: 'तुला हे नेटवर्क माहीत आहे का?'

दोन राउट जुळले तर कोण जिंकतो?

एकाच पत्त्याला दोन राउट लागू होत असतील तर जास्त नेमका राउट जिंकतो. स्लॅश २४ समोर स्लॅश १६ हरतो, आणि स्लॅश शून्य, म्हणजे डीफॉल्ट, सगळ्यात शेवटी. पाकिटावर फक्त 'सातारा जिल्हा' असण्यापेक्षा गाव आणि गल्ली लिहिलेली असेल तर पोस्टमन गल्लीच धरणार ना, तसंच.

हा नियम किती ताकदवान आहे ते २४ फेब्रुवारी २००८ ला जगाने पाहिलं. पाकिस्तानात यूट्यूब बंद करायचा आदेश होता. पाकिस्तान टेलिकॉमने २०८.६५.१५३.० स्लॅश २४ हा राउट जाहीर केला. तो देशातच राहायला हवा होता, पण त्यांना जगाशी जोडणाऱ्या पीसीसीडब्ल्यू कंपनीमार्फत बाहेर गेला. यूट्यूबचा स्वतःचा राउट २०८.६५.१५२.० स्लॅश २२ होता, म्हणजे कमी नेमका. जगभरच्या राउटरनी नेमका राउट धरला आणि यूट्यूबकडे जाणारी बरीच वाहतूक पाकिस्तानकडे वळली. भारतात तेव्हा रात्रीचे १२ वाजून १७ मिनिटं झाली होती. यूट्यूबने आधी स्वतःचा स्लॅश २४ जाहीर केला, मग त्याहून नेमके दोन स्लॅश २५. पीसीसीडब्ल्यूने चुकीचा राउट मागे घेईपर्यंत जवळपास सव्वादोन तास गेले.

ते इंटरनेटचं बीजीपी राउटिंग होतं, आपल्या हॉस्पिटलच्या दोन स्विचचं नव्हे. पण नेमका राउट जिंकतो हा नियम दोन्हीकडे अगदी तोच आहे.

आपल्याकडे याचा त्रास छोट्या रूपात होतो. कंटाळा करून कोणीतरी स्विच अ वर १९२.१६८.०.० स्लॅश १६ सगळं ब कडे पाठवतो. ब चा डीफॉल्ट अ कडे आहे. आता १९२.१६८.५५.९ असा अस्तित्वात नसलेला पत्ता कोणी विचारला, तर अ म्हणतो ब कडे जा, ब म्हणतो अ कडे जा. प्रत्येक टप्प्यावर पॅकेटचा टीटीएल एकाने कमी होतो आणि शून्य झाला की ते मरतं. विंडोजचं पॅकेट साधारण १२८ ने सुरू होतं, अँड्रॉइडचं ६४ ने. तेवढ्या फेऱ्या फुकट. ट्रेसराउटमध्ये तेच दोन पत्ते आलटून पालटून दिसले तर हाच प्रकार समजा. जेवढं नेटवर्क आहे तेवढाच राउट लिहा.

राउट आहे, पण रस्ता तुटलाय

दोन इमारतींमध्ये फायबर तुटली तर? त्यासाठी दुसरी वायरलेस जोडणी ठेवतात. समजा अ कडे १०.०.०.९ आणि ब कडे १०.०.०.१०. स्विच अ वर तिचा राउट असा:

आयपी राउट १९२.१६८.२०.० २५५.२५५.२५५.० १०.०.०.१० २००

शेवटचा २०० म्हणजे या राउटची पसंती. आकडा जितका लहान, तितका मान मोठा. सिस्कोवर थेट जोडणीला ०, साध्या स्टॅटिकला १, ओएसपीएफला ११०. त्यामुळे २०० वाला मागे दबा धरून बसतो आणि पहिला राउट टेबलमधून गेला की पुढे येतो. याला फ्लोटिंग स्टॅटिक म्हणतात. ब वर पण उलट दिशेने तसाच लिहायचा, हे आता सांगायला नको.

गोम अशी की पहिला राउट टेबलमधून जायला स्विचला पोर्ट बंद झाल्याचं दिसावं लागतं. मध्ये साधा मीडिया कन्व्हर्टर असेल तर फायबर तुटली तरी स्विच ते कन्व्हर्टर ही छोटी तार चालूच असते, दिवा हिरवाच राहतो. स्विच पॅकेट पाठवत राहतो, ती हरवत राहतात, आणि पर्यायी रस्ता रिकामा पडून राहतो. यासाठी आयपी एसएलए आणि ट्रॅक वापरतात. स्विच दर काही सेकंदांनी पलीकडे पिंग करतो आणि उत्तर थांबलं की तो राउट स्वतःच काढतो. बॅकअप बसवलात तर एकदा खरंच फायबर काढून बघा, हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवू नका.

लांबून काम करताना

ही गोष्ट नीट वाचा, कारण इथे माणूस स्वतःलाच बाहेर कोंडतो. राउटिंग बंद असलेल्या स्विचवर तुम्ही घरून लॉगिन करता तेव्हा तो तुम्हाला उत्तर आयपी डीफॉल्ट गेटवे या ओळीच्या जोरावर देत असतो. आयपी राउटिंग सुरू केलं की स्विच ती ओळ बघणं सोडतो आणि राउटिंग टेबल बघतो. तिथे डीफॉल्ट राउट नसेल तर तुमची स्क्रीन जागीच गोठते. आता स्विचजवळ जाऊन कन्सोल केबल लावण्याशिवाय उपाय नाही. म्हणून डीफॉल्ट राउट आणि आयपी राउटिंग या दोन ओळी एकत्रच पेस्ट करा.

आणि हा क्रम पाळा. आधी चालू असलेलं चांगलं कॉन्फिगरेशन सेव्ह करा. मग रीलोड इन १० द्या, म्हणजे १० मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट होईल. आता बदल करा आणि तपासा. सगळं ठीक असेल तर रीलोड कॅन्सल, आणि मगच पुन्हा सेव्ह. बाहेर फेकले गेलात तर १० मिनिटांनी स्विच जुन्या कॉन्फिगरेशनवर परत येतो. ज्युनिपरवर हेच काम कमिट कन्फर्म्ड करतं, मायक्रोटिकवर सेफ मोड. अर्थात रीस्टार्ट म्हणजे काही मिनिटं त्या स्विचवरचं सगळं बंद, तेव्हा ओपीडीच्या वेळेत हे करू नका.

शेवटचं सेव्ह मात्र विसरू नका. सेव्ह न केलेला राउट पुढच्यांदा लाइट गेली की पुसला जातो, आणि तेव्हा तुम्ही कदाचित सुट्टीवर असाल.

किती राउट म्हणजे फार?

दोन-तीन जागा असतील तर स्टॅटिक मस्त. वाचायला सोपं, स्वतःहून काही बदलत नाही. पण ५ जागा असतील आणि प्रत्येकीवर बाकी सगळ्यांचे राउट लिहायचे, तर २० ओळी. १० जागांना ९०. मधोमध एक मुख्य स्विच ठेवून बाकीच्यांना फक्त डीफॉल्ट दिला तर १० जागांना १८ मध्ये भागतं. त्यापुढे, किंवा पर्यायी रस्ते बरेच असतील तर, ओएसपीएफकडे वळा. तिथे स्विच एकमेकांना स्वतःच रस्ते सांगतात. फक्त जुने स्टॅटिक राउट काढायला विसरू नका. १ समोर ११० हरतो, त्यामुळे कोणीतरी कधीतरी लिहिलेली एक जुनी ओळ नव्या ओएसपीएफला गप्प करू शकते.

आता तुमचा गृहपाठ. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं. त्यात हे दोन चौकोन मांडा, राउट फक्त स्विच अ वर लिहा आणि दोन्ही प्रकारे पिंग करून बघा. मग ब वर परतीची ओळ टाका. पहिलं पिंग एखाद्या वेळी चुकतं, कारण शेजाऱ्याचा मॅक पत्ता शोधण्यात तेवढा वेळ जातो, घाबरू नका. अडलात तर शो आयपी राउटचा स्क्रीनशॉट दोन्ही स्विचचा पाठवा. एकाचाच पाठवलात तर मी पहिला प्रश्न तोच विचारणार: दुसऱ्या बाजूला काय लिहिलंय?

पुढच्या भागात व्हीलॅन आणि ट्रंक. तोपर्यंत, ऐकत राहा!